अर्ध्या डाळिंब्या

"जेवलो की," असं मामा फोनवर म्हणतो
तेव्हा तो 'की' जरा लांबतो.
तिथेच मला कळतं.

मंगळवारी बँकेतून सुटले की
मी कन्नमवार नगरात जाते, तीन जिने चढते.
किल्ली माझ्याकडेही आहे, तरी बेल वाजवते.
भालूमामा दार उघडतो, इस्त्रीच्या शर्टात,
आणि मी आधी फ्रिज उघडते.
बरं नाही हे, माहीत आहे.
पण पासबुक वाचावं तसा मला तो वाचता येतो.
मागच्या मंगळवारचा दुधी: जमा.
समोरच्या डिसोझाबाईंनी दिलेली कढी: जमा.
खर्ची फक्त दूध, तेही चहापुरतं.
ओट्यावर ग्लुकोज बिस्किटांचे कागद,
सरळ करून, रबरात बांधलेले.
(छापखान्यात बाइंडर होता. कागद टाकवत नाही.)
पट्ट्याला नवं भोक. खिळ्याने पाडलेलं.

कुमुदमामी जाऊन अकरा महिने झाले.
मी काय काय केलं नाही!
डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: सकाळ, रात्र, हे आधी संपव.
खानावळ लावली. तो डबा वॉचमनची पोरं खायची
आणि मामा असा लख्ख घासून ठेवायचा
की महिनाभर मी फसले.
डॉक्टर म्हणाले प्रोटीन. मी म्हटलं प्रोटीन.
मामा म्हणाला, "हो, ते घेतो."

एकदा मी चिडलेच.
तो मांडणीकडे बघत म्हणाला,
"अगं, भूक लागते. नाही असं नाही.
पण ताट घ्यायला गेलं
की हात दोन घेतो.
मग एक परत ठेवावं लागतं.
बिस्किटाला ताट लागत नाही."

पुढच्या मंगळवारी मी काही शिजवून नेलं नाही.
मोड आलेले वाल नेले, फडक्यात बांधून.
"मला सोलून दे. माझी नखं दुखतात."
नखं दुखत नव्हती.

मामीने बिरडं चाळीस वर्षं केलं,
वाल एकदाही सोलले नाहीत.
ते काम त्याचं, शनिवारी रात्री, बनियनवर बसून.
त्याने पातेल्यात बोट बुडवलं. "गार पाण्यात?
कुणी शिकवलं तुला? कोमट आण."
आणलं.
मग चालू लागली बोटं, जुन्या सवयीने,
अंगठा, तर्जनी, टप्.
साल इकडे, डाळिंबी तिकडे,
एकही दुभंगली नाही.
मीही सोलत होते. माझ्या निम्म्या फुटल्या,
त्या त्याने न बोलता वेगळ्या काढल्या.

"अर्ध्या मी नेते, अर्ध्या तुला.
मामी आधी काय घालायची, जिरं की हिंग?"
"तिलाच विचा..."
गॅसच्या बटणावर हात तसाच राहिला.
थोड्या वेळाने मसाल्याचा डबा त्यानेच काढला.
वास घेत घेत एकेक वाटी उघडली.
"खोबरं शेवटी. आणि गूळ एवढा,"
म्हणत करंगळीचं नख दाखवलं.

बिरडं थोडं खाली लागलं.
ताटं त्याने घेतली.
किती, ते मी बघितलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
बुधवारी बिस्किटं होतीच.
रविवारीही.
पण हल्ली रात्री साडेआठला
आम्ही फोन स्पीकरवर टाकून
आपापल्या भिंतीला टेकवून ठेवतो आणि जेवतो.
फार बोलत नाही.
त्याची वाटी वाजते, माझा चमचा,
त्याच्या खिडकीखाली कुणीतरी
स्कूटरला किका मारत असतं.

काल मध्येच म्हणाला,
"आमटीत मीठ कमी पडलंय तुझ्या."
तुला कसं कळलं, तिथून?
"पळी एकदाच वाजली."