हवा काढताना

इंजिन बसलं त्या संध्याकाळी
मी गल्लीभर कचोरी वाटली.
सत्तावन्न सालची एमजी,
महूच्या कुणा मेजरने बदलीवर जाताना विकलेली,
आणि बॉनेटखाली आता काँटेसाचं इसुझू, अठराशे सीसी.
क्लच सोडला की पाठ सीटला चिकटायची.
लोक विचारायचे, भिया, किती पळते?
थांबते कशी, हे कोणी विचारलं नाही.

शैलाने विचारलं होतं.
मला ऐकू आलं नाही,
सायलेन्सर तेव्हा बसायचा होता.

मग मानपूरच्या पुढे भेरूघाट.
तिसऱ्या वळणापर्यंत ब्रेक होते.
चौथ्याला त्यांचा वास होता.
पाचव्याला पायाखाली काहीतरी मऊ,
ओल्या गादीवर पाऊल पडावं तसं,
आणि पुढ्यात कापसाच्या गाठी भरलेला ट्रक
मोठा मोठा होत.
दुसरा गिअर, हँडब्रेक, भेरूबाबा,
यांतलं कोण आधी धावलं कोण जाणे.
गाडी खडीच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.
शैलाने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.
रस्ता ओलांडून तिने इंदूरच्या बसला हात दाखवला.
बस थांबली.

पोलोग्राउंडला यासीनभाई खराडी
जुने ड्रम हातात फिरवत हसला.
'पळायचे पेढे तुम्ही आधीच वाटलेत,' म्हणाला,
'आता थांबायचं बघू.'
जिप्सीच्या डिस्क आणल्या, तर भोकं जुळेनात.
भोकं जुळवली, तर कॅलिपर चाकाच्या तारांना घासे,
दोन मिलिमीटर, फक्त दोन,
पण त्या दोनात आमचा अख्खा श्रावण गेला.
ब्रॅकेट आधी कापलं पुठ्ठ्याचं,
मुलीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचं,
'आमचे येथे श्रीकृपेकरून' असं छापलेलं,
मग त्याच मापाने पोलादाचं.
पूर्वी एकाच नळीवर चारी चाकं होती,
एक फुटली की सगळी अनाथ.
आता पुढची वेगळी, मागची वेगळी.

क्लबातले मुझुमदार येऊन वाकून बघून गेले.
म्हणाले, गाडीचं मूळपण गेलं हो.
म्हटलं, ते घाटातच गेलं,
मी तेवढा परत आलो.

शेवटी हवा काढायची राहिली.
त्याला दोन माणसं लागतात:
एक पेडलवर, एक चाकाशी आडवा.
यासीनभाईचा पोरगा लग्नाला उज्जैनला.
शैला आली, हाताला भिजवलेली कणीक,
आणि पहिल्यांदाच स्टिअरिंगमागे बसली.
सगळ्यांत लांबचं चाक आधी.

दाब.
दाबलं.
धर.
धरलंय.
सोड.
'आधी तुमचा नट आवळलात का?'
आवळला नव्हता.

लोणच्याच्या बाटलीत नळीचं टोक,
तेलातून बुडबुडे, एकामागून एक,
काही मोहरीएवढे, काही मटाराएवढे.
मी गाडीखाली, ती वर,
मला दिसत होती फक्त तिची चप्पल आणि घोटा,
आणि तो घोटा हलत नव्हता.
'इतकी हवा आली कुठून?' तिने विचारलं.
मी पान्हा शोधायला लागलो.
तो माझ्या हातातच होता.

चौथ्या चाकाला बुडबुडे संपले.
'आता दगड लागतोय,' ती म्हणाली.
मी बाहेर आलो, पाठीला ग्रीस.
ती उतरली नाही.
कणकेचा हात पुढे करून म्हणाली,
'किल्ली.'

रविवारी पुन्हा भेरूघाट. तिसरं वळण. चौथं.
ती पेडलला नुसता पाय टेकवायची
आणि गाडी मान खाली घालून ऐकायची.
पाचव्याला तिने माझ्याकडे पाहिलं, खाली,
जिथे माझा उजवा पाय
मानपूरपासून रेटून धरलेला होता
नुसत्या पत्र्यावर.

'काढा तो,' ती म्हणाली,
'तिथे काही जोडलेलं नाहीये.'