कारणाचा रकाना

ऑगस्टचा तिसरा आठवडा. पाऊस नाही.
गिरण्यांच्या या गावात फरशा संध्याकाळीही चटके देतात,
मागच्या बोळात घोड्यांची लीद, राख,
संडासाच्या भरलेल्या बादल्या.
नगरपालिकेची गाडी मंगळवारी यायची होती.
आज शनिवार.

मी जन्ममृत्यू कचेरीतला दुय्यम कारकून.
माझ्या वहीत कारणाचा रकाना
तीन बोटं रुंद आहे.
मावेल तेवढंच लिहितो:
अतिसार. अतिसार. आकडी. अतिसार.
जन्मतः अशक्त.
अतिसार.

थर्झा ऑग्डन आली. केसांत कापसाचे तंतू.
खुर्ची दिली तर बसली नाही,
जेवणाची सुट्टी संपायच्या आत मागावर परतायचं होतं.
मुलगा. चार महिने अकरा दिवस.
नाव? ‘एनॉक. पण आम्ही बटण म्हणायचो.’
मी एनॉक लिहिलं.

मग न विचारताच बोलत सुटली.
महिनाभरात कामावर गेले हो,
नाहीतर माग दुसरीला दिला असता.
दूध शेजारची म्हातारी पाजायची, डब्यातलं,
साय काढलेलं, गोड गोड;
डब्यावर काय गुबगुबीत बाळ काढलंय!
आरोग्यखात्याची बाई म्हणाली, झाकून का नाही ठेवलंस.
कशाने झाकू? एक फडकं,
ते त्याच्याच अंगाखाली.
विमेवाल्याने मात्र एक शब्द काढला नाही,
तीस शिलिंग मोजले.
बावीस पेटीलाच गेले.

‘तुम्ही काय लिहिलंत?’
वही तिच्याकडे फिरवली.
तिने बोट ठेवून वाचलं.
‘एवढंच?’

शाई ओली होती. एक माशी उतरली,
अक्षरांवरून चालत
रेघ ओलांडून समासात गेली
बारीक काळी पावलं उमटवत.
टिपकागद माझ्या हातातच राहिला.

दारातून ती परत वळली.
‘बाटली आहे घरी. लांब रबरी नळीची.
पोर एकटं पडून पितं, कुणी धरायला नको.
नळी आतून धुता येत नाही तेवढंच,
बाकी नवीकोरी आहे.
फीबीला ऑक्टोबरात होणार आहे,
तिला देऊ ना?’

फोडून टाक, मी म्हणालो.
नेमका तेव्हाच गिरणीचा भोंगा झाला.
तिने मान हलवली,
शाल डोक्यावर ओढली
आणि धावत सुटली;
लाकडी बुटांचा खडखडाट
पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.