अधिक-उणे

पहाटे साडेपाचला गोळी. थायरॉइडची,
ज्वारीच्या दाण्याएवढी,
नुसत्या पाण्याबरोबर, मग तासभर काही नाही.
तीस वर्षं याच वेळी गंगावेशीच्या कट्ट्यावर
म्हशीच्या कासेखालचा पेला
मी फेसासकट तोंडाला लावला.
आता तो तास खिडकीत बसून काढतो.
त्रिशला दूध तापवते, दोनदा उकळी आणते,
हुपरीकर मॅडमनी एकदाच सांगितलं होतं तरी.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं होतं:
पेशींना एक ब्रेक असतो, तो आपण काढतो.
मी म्हटलं, मॅडम, ब्रेक काढलेलं मशीन
कुठं थांबायचं ते कुणाला विचारतं?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही दर सहा आठवड्यांनी येणार.

थांबलं नाहीच ते. गाठीवर तुटून पडलं
आणि जाता जाता गळ्यातली ग्रंथी विझवून गेलं.
मग आतड्यांवर आलं. श्रावणात,
दिवसातून अकरा वेळा.
त्रिशलानं कॅलेंडरवर रेघा मारल्या,
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

मग स्टेरॉइड. साठानं सुरुवात,
चाळीस, तीस, वीस, साडेसतरा.
"एकदम सोडायची नाही, टेपर करत आणायची."
दवाखान्यात पहिल्यांदाच
मला कुणीतरी माझ्या भाषेत बोललं.
टेपर मला येतो.
उद्यमनगरात, शिकलगारांच्या शॉपमध्ये,
घाईनं टेपर मारलेला शाफ्ट
कसा बसतो आणि कधी सुटतो
हे मी बोट फिरवून सांगत आलोय.
गोळ्यांचे अर्धे तुकडे मी ब्लेडनं केले.
एकही लहानमोठा नाही.

दर बारा आठवड्यांनी स्कॅन.
आदल्या रात्री मी जागा, ती जागी,
दोघांचंही झोपल्याचं सोंग.
पहिला रिपोर्ट: एकतीस मिलिमीटर.
मग चौदा. मग सहा.
मग सहा. मग सहा.
लोकांना तो आकडा.
मला माहीत आहे सहा म्हणजे किती.
दहाच्या पान्यानं फिरणारा बोल्ट,
खिशात असला तर विसरून जावा,
चालत्या मशीनमध्ये पडला तर

"व्रण असेल," मॅडम म्हणतात,
"नाहीतर झोपलेलं काहीतरी. आज सांगता येत नाही."
मी विचारलं, मोजण्यात फरक किती धरायचा?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"एक-दोन. अधिक-उणे."
शतांशात आयुष्य काढलेला माणूस मी,
आता दोन मिलिमीटरच्या ढिलाईत राहतो.

रंकाळ्यावर फिरताना जयपाल गाठतो.
"काय आदगोंडा, झालास न्हवं बरा?"
याचं उत्तर एकाही कागदावर नाही.
स्थिर म्हणावं तर तो विचारेल, कोण, सरकार?
"व्हय," म्हणतो,
आणि त्याच्या गुडघ्याची चौकशी करतो.
पाकिटात, आधारकार्डाच्या मागं, पिवळं कार्ड:
या माणसाला अमुक औषध दिलेलं आहे,
ताप, दम, जुलाब, काहीही असो,
आधी या नंबरवर फोन करा.
औषध बंद होऊन चौदा महिने झाले.
अजूनही उठू शकतं, मॅडम म्हणतात.
परवा फुटाण्यानं नुसता ठसका लागला
तर त्रिशलाचा हात फोनवर.

गुरुवारी अर्धा दिवस शॉपवर जातो.
फार उभं राहवत नाही,
इकबालनं स्टूल दिलंय.
आयटीआयचा नवा पोरगा व्हर्निअर दाबून धरतो.
दाबू नको, मी सांगतो,
दाबलंस की ते तुला पाहिजे तेच माप दाखवील.
नुसतं टेकव.
त्यानं टेकवलं. वाचलं. परत वाचलं.
"काका, सहाला जरा कमी हाय."
"किती कमी?"
तो उजेडाकडं वळला.