पाठभेद

मे महिन्यात क्लासला तीनच जणी उरतात.
कूलर आपला षड्ज धरून बसलेला,
काळी चारच्या जरा खाली.
मी तंबोरा त्याच्याशी भांडत लावते.

उत्पला खोब्रागडे इंदोऱ्याहून सायकलनं येते,
डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून.
आधी ग्लासभर पाणी, मग सा.
मी तिला मारवा देत होते,
माझ्या बाईंकडून आली तशीच बंदिश.
मुखड्यात 'दासी' आहे. 'दा'वर सम,
धैवतावरून उतरणारी लांब मींड.
ती दर आवर्तनात बरोब्बर तिथे
खोकायची.

पंधरा दिवस मी हळद-दूध सांगितलं.
शेवटी तिची मैत्रीणच म्हणाली,
"तिले तो शब्द नाही जमत, मॅडम."

रात्री वही काढली.
चाळीस बंदिशी. एकतीस ठिकाणी
कुणीतरी कुणाच्या तरी पायाशी.
तीस वर्षं गाते आहे मी हे,
आणि गुडघे माझेही दुखतात,
कधी जोडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मनानं म्हणाले,
"तुझ्यासाठी एखादं भीमगीत बसवू या."
ती हसली.
"ते घरी आहे ना, मॅडम.
बाबा बेंजोवर, मी पाचवीपासून कोरसला.
ते शिकायला उन्हात इथवर काहून येऊ?
मला मारवाच पाहिजे.
तो एक शब्द सोडून."
माझं मोठं मन कूलरपुढे सुकत बसलं.

तराणा देऊ? नको, शब्द हवेत.
मग पेन्सिल घेऊन बसलो.
'साथी' मात्रेत बसला. "फार गोड आहे," म्हणाली.
'राणी'वर दोघी हसलो.
टाकीतलं पाणी संपलं, कूलर कोरडा फिरू लागला,
मी पाइप धरून खिडकीबाहेर उभी,
तेवढ्यात आतून आलं:
'जागी'.
तोच आ, तीच ई.
मींडेला कळलंही नाही.

खोकला नाही.
मारव्यात षड्जावर टेकायचं नसतं फार,
हे मीच सांगते सगळ्यांना.
ती न टेकता किती वेळ उभी होती
त्या धैवतावर.

परीक्षेत परीक्षकांनी चष्मा कपाळावर नेला.
"हा पाठ कुठला?"
मी दाराबाहेर, पर्सचा पट्टा पिळत.
"इंदोऱ्याचा, सर."

गुण किती गेले, कशाचे गेले,
गुणपत्रिका सांगत नाही.
वहीत 'जागी' अजून पेन्सिलीतच आहे,
'दासी'च्या डोक्यावर, बारीक अक्षरात.
शाईचं पेन उचलते
आणि माझ्या बाई आठवतात, त्यांचा हात,
पान उलटताना थुंकी लावायची त्यांची सवय.
पेन ठेवून देते.

उत्पला विचारते, पुढचा राग कोणता?
थांब, म्हणते.
पुढची ओळ आधी
माझ्याच तोंडात धरून बघते.