थंड झाल्यावर पुन्हा

बहोडापूर, ट्रान्सपोर्ट नगर. जानेवारी.
लोखंड इतकं गार की पाना हाताला चिकटतो
आणि सोडताना थोडी कातडी मागून घेतो.

फार्गो, सदुसष्टची.
जुनं इंजिन परवा उतरवलं. साखळीला लटकताना
त्यातून तेल गळत होतं, सावकाश,
कुणाविरुद्ध तक्रार नसल्यासारखं.
नवं, म्हणजे भिंडकडच्या एका मेलेल्या बसचं,
माउंटिंगवर बसलं. गिअरबॉक्सनं ओळख दाखवली.
मला वाटलं, सुटलो.
मग मेनिफोल्ड उचलला.

त्याचे दोन तुकडे, तीन-तीन सिलिंडरांचे,
मधे बोटभर बाही, एकात एक सरकणारी,
कारण तापलं की लोखंड वाढतं, त्याला जागा लागते.
एकदा मी ती ठेवली नव्हती.
तडा गेल्याचा आवाज अजून ओळखू येतो.

जुने स्टड काढायला घेतले.
चार निघाले. पाचव्याची कुरकुर थांबली,
पाना एकदम हलका झाला,
मन क्षणभर खूश होतं अशा वेळी,
आणि हातात अर्धाच स्टड येतो.
उरलेल्यावर नट ठेवून वेल्डिंगचा टाका मारला,
लाल असतानाच मेणबत्ती टेकवली.
मेण आत गेलं, आटे सुटले.
इथे आट्यांना चूडी म्हणतात. तीस वर्षं मीही तेच म्हणतो.
मोजताना आणि शिवी देताना मात्र
मराठीच येते तोंडात.

फ्लँजवर पट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसला.
कागदाएवढा. तेवढ्या फटीतून
अख्खा ट्रक फटफटतो.
काचेवर पॉलिशपेपर पसरून छुट्टन घासत बसला,
आठच्या आकड्यात, दुपारपर्यंत.

आणि लावून पाहिला तर
मेनिफोल्डचं तोंड थेट स्टिअरिंगच्या डब्यावर.
दोन बोटं कमी.
मालक बाबूसिंग कुशवाह स्टुलावर गजक खात होते.
म्हणाले, काट दो.
काय कापू? स्टिअरिंग?
गजकचा तुकडा ओठांपाशी थांबला.

मी खोक्याचा पुठ्ठा कापून
वळणाचे नमुने करत होतो, तिसरा, चौथा,
एकही बसेना.
तेवढ्यात छुट्टननं पुसलेले तुकडे इंजिनाला टेकवून पाहिले
आणि उलटे धरले, तोंड आभाळाकडे,
मागचा पुढे, पुढचा मागे.
माझी शिवी निम्मी बाहेर आली होती.
भोकं जुळत होती. सगळी.
उरलेली शिवी मी गिळली. छुट्टनला कळलंच नाही
त्यानं काय केलं; तो विचारत होता
चहा आणू का.

पॅकिंग हातोडीनं हलके ठोकून कापलं.
आवळायचं मधून कडेकडे.
आधी बोटांनी सगळे नट, मग थोडं थोडं.
एकालाच सगळा जोर दिला
तर बाकीचे नावाला उरतात.
पाइप वरून वळवून केबिनमागून खाली नेला.

चावी बाबूसिंगांनी फिरवली.
छुट्टन ओठांत मोजत होता,
एक पाच तीन, सहा दोन चार,
तो क्रम त्याला पाढ्यासारखा पाठ आहे,
पाढे पाठ नाहीत.
इंजिन लागलं.
आणि मेनिफोल्डवरून निळसर धूर उठला.
बाबूसिंग घाबरून उठले, लीक है क्या?

लीक नव्हतं. हातांचं तेल होतं,
दिवसभर जिथे जिथे आम्ही त्याला धरलं तिथलं.
वरच्या कडेला चार बोटं स्पष्ट दिसली,
लहान, मधलं जरा वाकडं,
मग तीही जळून गेली.
मी कुणाला दाखवलं नाही.

रात्री ते टिकटिकत गार होत राहिलं.
सकाळी पाना घेऊन पुन्हा गेलो,
पहिल्या तापानंतर पुन्हा आवळावं लागतं,
कितीही नीट बसवलेलं असो.
सगळे पाव-पाव फेरा फिरले.
पाचवा नाही फिरला.
तो तुटलेल्या जागचा. दोनदा प्रयत्न केला,
मग पाना पुसून ठेवून दिला.