पेवातली मोजणी

हरिपूरच्या पेवात माणूस उतरण्याआधी
बाबालाल कंदील सोडायचा.
काच पुसून, सुंभाला बांधून, हळूहळू.
तळाशी ज्योत तगली तर उतरायचं.
विझली, तर तोंड उघडं ठेवून उद्या यायचं.
चौगुले सर म्हणाले, हे तुमचं पहिलं उपकरण.
नववी ब हसली.
आम्हाला तो कंदीलच वाटला.

सरांकडे करंगळीएवढी एक नळी होती.
डब्यात ठेवली तरी टिकटिकायची.
वर, पार वर, हवेच्या छपरावर
कुठल्या तरी फुटलेल्या ताऱ्याचा कण आदळतो,
त्याच्या ठिकऱ्या उडतात, त्यातला एक म्युऑन:
इलेक्ट्रॉनचाच थोरला, दोनशे पट जड.
सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले दोन,
एवढंच आयुष्य.
तेवढ्यात संगमेश्वरापासून शाळेपर्यंतही पोचू नये,
पण वेगानं पळणाऱ्याचं घड्याळ सावकाश चालतं,
म्हणून पोचतो.

'माझ्यातनंपण जातो?'
'तुझ्यातनं, फळ्यातनं, फळ्यामागच्या पालीतनं.
तळहात धर. सेकंदाला साधारण एक.'
मी हात तसाच उघडा धरून घरी गेले.
आई म्हणाली, भाजलं का गं?

वडील मार्केट यार्डात मापाडी.
नखांतली हळद दिवाळीलाही निघायची नाही.
सौद्यात रुमालाखाली बोटं दाबली जातात,
भाव कुणाला दिसत नाही;
कडेला उभं राहून ते
अडत्याच्या भुवईवरून ओळखायचे.
सरांना सांगितलं तर म्हणाले, अगदी तसंच,
फक्त आमचा रुमाल कधीच निघत नाही.

खाली वीस फूट माती डोक्यावर,
म्हणजे टिकटिक कमी व्हायला हवी.
सरांनी ते आधीच वहीत लिहिलं, शाईनं.
मग नळी पेवात सोडली.
वर दहा मिनिटांत दोनशे बारा.
खाली तीनशे पाच.

कुणी बोलेना.
मुख्याध्यापक म्हणाले, यंत्र दमट झालं असेल.
मागच्या बाकावरचा पायगोंडा म्हणाला, सर, खोडा की.
सरांनी खोडलं नाही.
त्याच ओळीखाली लिहिलं:
चुकलो. का, ते माहीत नाही.
मोठ्या माणसानं शाईत तसं लिहिलेलं
मी तोवर पाहिलं नव्हतं.

तीन आठवडे गेले.
मग कळलं, मातीच बोलत होती.
तिच्यातलं पोटॅशियम, थोरियम,
चिमूटचिमूट, सगळ्या बाजूंनी नळीला टोचत होतं.
मग एकावर एक दोन नळ्या, मध्ये शिशाचा पत्रा.
दोघींनी एकाच क्षणी ऐकलं तरच एक धरायचा.
एकटीची साक्ष नाही.
अर्ध्या तासात वर एक्केचाळीस. खाली सतरा.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
सर म्हणाले, एवढ्यावर कुणी पैज लावू नये,
आणि आमचे नऊ रविवार गेले.

शेवटच्या रविवारी वडील आले.
बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले,
वरची खाली, खालची वर करून बघितलं का?
मी शंका आली की पारडी बदलून तोलतो.
पोतं तेच राहतं,
लबाडी तेवढी दुसऱ्या बाजूला जाते.
सरांनी पेन काढलं.
वहीत त्या दिवसाच्या पानावर आहे:
सूचना, शांतिनाथ मापाडी यांची.
शेजारी पिवळा अंगठा.

मी विचारलं होतं, हा थोरला असतोच कशाला?
आपण, कंदील, कृष्णेचं पाणी,
सगळं धाकट्यावर भागतंय.
सर म्हणाले, ठाऊक नाही. अजून कुणालाच.
आणि त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही.

बाबालाल कंदील वर ओढत होता.
'म्हणजे पेवात बसलं की कमी लागतात?'
'कमी.'
'पण लागतात.'
'लागतात.'
त्यानं तोंडावर फरशी सरकवली
आणि पायानं माती लोटली.