माहितीदार: स्त्री, अंदाजे सत्तर

कोरचीच्या पुढं, डांबर संपतं तिथून पायी.
लांजेवार मॅडम पुढं, मी मागं,
पाठीवर लाकडी प्रेस, जुने पेपर, दोन दोऱ्या.
पांढरा कुडा. एक फांदी, जोडशेंगा, सालीचा तुकडा.
पेपरात दाबून मी चिठ्ठी लिहिली:
उंची तीन मीटर. उताराची जागा. शेजारी धावडा, वारूळ.
वापर: हगवण.
माहितीदार: स्त्री, अंदाजे सत्तर.

वारुळाचीही नोंद केली मी.
सुकारोबाई हलामी समोरच बसली होती,
सुपातल्या मोहफुलांतले खडे वेचत.

नागपुरात साल दळली, चाळली,
अल्कोहोलात दोन दिवस बुडवली.
एरंडेल पाजलेले उंदीर, चार गट, सहा-सहा.
पिंजऱ्याखालचा कागद बदलायचं काम माझं,
आणि लेंड्या मोजायचं: ओल्या वेगळ्या, कोरड्या वेगळ्या.
घरी सांगितलं होतं, संशोधनात आहो.
निष्कर्ष एका ओळीत मावला:
लक्षणीय फरक नाही.

पुढल्या खेपेला एकटाच गेलो,
बसमध्ये वाक्यं जुळवत, बाईला वाईट वाटू नये अशी.
ती ऐकून घेत होती, मग म्हणाली,
"दारूत काऊन बुडवलं? मी तं तांदळाच्या धोवणात देतो.
आन् साल कधीची होती? पानं झडल्यावरची का फुलावरची?"
मी वही उघडली.
तारीख होती, अक्षांश होता, झाडाचं काही नव्हतं.

तिनं आढ्यात खोचलेली सुतळी काढली.
काळी पडलेली, धुरानं कडक.
एक गाठ म्हणजे एक पोट्टं.
साध्या गाठींवरून तिचा अंगठा भरभर गेला
आणि दुहेरीशी थांबला.
साध्या एकोणचाळीस. दुहेरी अकरा.
"हे अकरा?"
"हे राहिले नाही."

कोंबडी आत आली, तिला कोणी हाकललं नाही.

"ह्याले उशिरा दिलं. ह्याच्या हगवणीत रक्त होतं,
मले समजलं नाही. आता रक्त दिसलं का
मी साल उगाळत नाही, गाडी बोलावतो."

"मॅडमला का नाही सांगितलं?"

"तिनं इचारलं, गुण येते का. येते, म्हटलं.
किती जणाले येत नाही, हे तुमी कोणीच इचारलं नाही."

मी नवं पान काढलं. धोवण. फुलावरची साल. पन्नासात अकरा.
पेन्सिलचं टोक तुटलं, तिनं विळा पुढं केला.
मी टोक काढत होतो तेव्हा सहज म्हणाली,
"आन् तुमचे उंदीर? किती मेले?"

शेवटी सगळेच मारावे लागतात, मी म्हटलं.
बरे झालेलेही. पद्धतच आहे.

"चोवीस," ती म्हणाली.
सुतळी गुंडाळता गुंडाळता थांबली.
"मंग गाठी कुठं मारता?"